जेवती बाजू

पडद्यावर एक तोंड आलं. नुसतं तोंड. वर नाक नाही, खाली हनुवटी नाही. दोन्ही ओठ प्लास्टिकच्या चिमट्याने मागे ओढलेले आणि मधे तपकिरी पट्ट्यापट्ट्यांचे दात. सभागृहात एसी घुमत होता, पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांना पांढरी झबली घातली होती आणि डॉक्टर पिंपळखुटे सर लाल उजेडाच्या काडीने त्या तोंडातली एक दाढ दाखवत होते. धम्मरत्न मागच्या दाराशी, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांजवळ उभा होता. प्रकल्पाचा गावोगावचा कारभार त्याच्याकडे, म्हणून बाटल्याही त्याच्याकडे. त्याचं लक्ष दाढेकडे नव्हतंच. वरच्या पुढच्या दाताचा एक कोपरा तिरपा तुटलेला होता, आणि तो कोपरा त्याच्या डोळ्यांदेखत तुटला होता. वावरात, कापूस वेचून झाल्यावर, गाठोड्याची गाठ सुटेना म्हणून तिने ती दातात धरली आणि कट्‌ असा आवाज झाला. तिने तुकडा तळहातावर थुंकून पाहिला, मातीत टाकला, आणि पुन्हा गाठीला दात लावले. तो लहान होता. तेव्हा त्याला हसू आलं होतं. आता ते तोंड भिंतीएवढं मोठं होऊन सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं, आणि ते त्याच्या मायचं होतं.

पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "खर्रा जोरात दिसतो बाईंचा." आणि हशा पिकला. फार मोठा नाही. जेवणाआधीच्या भाषणात पिकतो तेवढाच. पिंपळखुटे सरही ओठांतल्या ओठांत हसले आणि म्हणाले, "ग्रामीण भागातली तोंडाची स्वच्छता. काय बोलावं." धम्मरत्नच्या हातातली बाटली चेपली. मायने उभ्या जन्मात तंबाखू-सुपारीच्या त्या खर्ऱ्याला हात लावला नव्हता. रोज सकाळी निंबाची काडी चावून चावून तिचा कुंचला करणारी बाई होती ती. तो तपकिरी रंग खर्ऱ्याचा नव्हता, हापशीच्या पाण्याचा होता, आणि ही गोष्ट ह्या सभागृहात पिंपळखुटे सरांइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. केळापूरच्या बाजूच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किती उतरतं आणि त्याने वाढत्या वयातल्या पोरांचे दात कसे डागतात, यावर सर स्वतः बोलायचे, न थांबता बोलायचे. पण पाहुणे नागपूरचे होते आणि पाहुणे हसले होते. एवढ्यासाठी सरांनी मायला घाणेरडी ठरवून टाकलं. त्यांना काय माहीत कोणाची माय. माहीत नसताना माणूस जे करतो तेच त्याचं खरं, असं धम्मरत्नला वाटलं, आणि कानशिलं तापली.

हापशी आली तेव्हा वस्तीने नारळ फोडला होता. माय तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची पोर, दुधाचे दातही पडले नव्हते. त्याआधी पाण्यासाठी गावातल्या विहिरीवर जायचं म्हणजे कोणी बादलीत ओतून देईपर्यंत बाजूला उभं राहायचं. हापशी वस्तीत आली, आणि तिचा दांडा पहिल्यांदा मायने दाबला. नवी नवरी नांदायला आल्यासारखी लाजली होती म्हणे. हे पाणी कोणाच्या बापाचं नाही, असं ती म्हणायची आणि ओंजळीने प्यायची. नंतर मोठी माणसं आली, बाटलीत पाणी घेऊन गेली, आणि काही वर्षांनी हापशीला लाल रंग फासून गेली. पिऊ नका. मग काय प्यावं, ते कोणी रंगवलं नाही. धम्मरत्नचेही दात तसेच होते. शाळेत गुरुजींनी त्याला सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, तुमच्यात दात घासत नाहीत का रे? तुमच्यात. हा शब्द त्याने इतकी वर्षं दाढेखाली खड्यासारखा जपला होता. यवतमाळला नोकरी लागली तेव्हा कॉलेजातल्याच डॉक्टरांकडून त्याने पुढचे दोन दात झाकून घेतले, शुभ्र. घरी गेला तेव्हा मायने बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "हे कोनाचे दात घेऊन आला रे बावा?" तो चिडला होता. आज त्याला वाटत होतं, बरोबर विचारलं होतं तिने.

सर पुढे बोलत होते. प्रकल्प साधा होता आणि तो साधेपणाच त्यांना विकायचा होता. किडलेल्या दाढेत भरायचा नवा मसाला. त्याला मशीन नको, वीज नको; कीड खरवडून काढायची, मसाला बोटाने दाबून भरायचा, आणि तो हळूहळू थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहणार, म्हणजे पुन्हा कीड लागणार नाही. ज्या गोष्टीने मायचे दात डागले तीच गोष्ट चिमूटभर प्रमाणात दात वाचवते, हे धम्मरत्नला पहिल्यांदा कळलं तेव्हा तो एकटाच खूप हसला होता. ज्या माणसांच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडल्या आहेत, अशी माणसं त्यांनी गावोगाव शोधली. प्रत्येकाच्या उजव्या दाढेत नवा मसाला, डाव्या दाढेत जुना. एकाच तोंडात दोन्ही, म्हणजे तुलना चोख. मायचं नाव त्यानेच दिलं होतं. भरून एक वर्ष झालं की पुन्हा गाडी न्यायची, प्रत्येकाचं तोंड उघडून पाहायचं, असं ठरलं होतं. पण ते वर्ष सरलं तेव्हा वेचणीचा हंगाम होता, बाया उजाडायच्या आत वावरात जात होत्या, डॉक्टर लोकांना दिवसभर पारावर बसणं जमेना, आणि मग सर म्हणाले, फोनवर विचारू. दिपाली नावाची एक मुलगी ठेवली. तिने सगळ्यांना फोन केले. आणि आता पडद्यावर, मायच्या तोंडाखाली, निळ्या अक्षरांत आलं होतं: उजवी बाजू, नवा मसाला, तक्रार नाही.

तक्रार नाही? आज सकाळीच त्याने पाहिलं होतं. माय चार दिवसांसाठी यवतमाळला त्याच्याकडे आली होती. बाहेरच्या फलकावर संशोधकांच्या नावांत पहिल्यांदाच त्याचं नाव लागलं होतं. फलकाचा फोटो त्याने मोबाईलवर दाखवला तेव्हा तिने बरोबर त्याच्या नावावर बोट ठेवलं होतं, अक्षर येत नसूनही. तीच माय सकाळी चहात भाकर कुस्करून खात होती, सगळा घास डाव्या गालात, आणि उजवा गाल तळहाताने दाबून धरलेला. "माय, दुखते काय?" त्याने बूट घालता घालता विचारलं. "नाई रे. जा तू. तुहा कार्यक्रम होऊ दे." मग पाहू, असं म्हणून तो निघाला होता. मग पाहू. हे मग पाहू त्याच्या कानात आता वाजत होतं, आणि त्याचा राग आधी जिथे सोपा होता तिकडे वळला. दिपालीने फोन केलेच नसणार. टेबलावर बसून रकाने भरले असणार, तक्रार नाही, तक्रार नाही.

ती बाहेर वऱ्हांड्यात पाहुण्यांचे पुष्पगुच्छ सांभाळत बसली होती. धम्मरत्नने तिला उभं केलं. "फोन लावले होते का तुवा, का घरच्या घरीच गावं हिंडून आली?" ती आधी घाबरली, मग तिचे डोळे लाल झाले. "सर, तोंड सांभाळून बोला. तुमच्या आईशी मी स्वतः बोलले. माझं जेवण झालं का ते विचारलं त्यांनी. वांग्याची भाजी कशी करायची ते सांगितलं. आणि प्रश्न विचारला तो तुमचाच, एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. तुम्हीच म्हणाला होता ना, माझ्या भाषेत बदल करायचा नाही म्हणून?" तिने पुष्पगुच्छ खुर्चीवर आपटला. दोन शेवंत्या खाली पडल्या. धम्मरत्नला तिची माफी मागावी असं वाटलं, पण राग जागेवर नसला की माफीही जागेवर येत नाही. तो जिन्याखाली गेला आणि त्याने घरी फोन लावला.

"माय, जेवली का?"

"जेवते ना. झाला काय तुहा सत्कार?"

"व्हायचा हाये. माय, मांगं एका पोरीचा फोन आल्ता ना तुले? दातासाठी?"

"आल्ता ना. भल्ली गोड बोलते पोरगी. लग्न झालं का तिचं?"

"थे राहू दे. तिनं काय इचारलं?"

"जेवत्या बाजूनं दुखते का म्हणे. मी म्हणलं, नाई दुखत."

"अवं, पन तुले तं दुखते! सकाळी गाल धरून बसली होती!"

 मायला हसू आलं. फोनवरही तिने पदर तोंडावर घेतला असणार, हसू त्यातून गाळून आल्यासारखं आलं. "कसा येडा हायेस रे बावा. जेवत्या बाजूनं काहून दुखन? दुखते म्हणून तं तिकडून जेवत नाई. ज्या बाजूनं दुखते त्या बाजूनं कोन जेवते?"

तो जिन्याखाली तसाच उभा राहिला.  वरून टाळ्यांचा आवाज आला, पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा, आणि थांबला. त्यांच्या घरी उजवं-डावं असा शब्दच नव्हता. उजव्याला जेवता हात, असं माय म्हणायची. जेवत्या हाताकडं वळ, जेवत्या हाताकडल्या कोनाड्यात पाह्य. गावात म्हाताऱ्या बाया अजून तसंच बोलतात. डावं-उजवं विचारलं की गोंधळतात, माझं उजवं का तुमचं, म्हणतात. म्हणून प्रश्न तयार करताना त्याने मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं: तुमच्या जेवत्या हाताकडच्या बाजूची दाढ दुखते का? ते वाचून पिंपळखुटे सर खूश झाले होते. ही खरी लोकभाषा, म्हणाले होते, ही आमच्या पुस्तकात नाही. मग पेन काढून म्हणाले, फक्त लांब होतंय, फोनवर सुटसुटीत हवं. आणि त्यांनी 'हाताकडच्या' खोडलं. जेवत्या बाजूची दाढ दुखते का? धम्मरत्नने वाचून पाहिलं. त्याच्या कानाला ते तेव्हा अगदी बरोबर वाटलं होतं. सरांनी आपल्या ओळीला हात लावला याचंच त्याला कौतुक होतं. हात लावला आणि हात काढून नेला. उरली जेवती बाजू, आणि जेवती बाजू म्हणजे, जिला तोंड आहे आणि तोंडात दुखणं आहे अशा कोणत्याही बाईसाठी, ज्या बाजूनं ती घास चावते ती. ती दुखणारच नाही. दुखली असती तर जेवती राहिलीच नसती. म्हणजे झाडून सगळ्यांनी नाही म्हटलं. आणि दुसऱ्या बाजूनं दुखते का, असं विचारल्यावर ज्याला कुठेही दुखत होतं तो हो म्हणाला. सगळी दुखणी जुन्या मसाल्याच्या नावावर, सगळं सुख नव्याच्या. मसाला कसाही असो. दाढेत नुसती माती भरली असती तरी उत्तर हेच आलं असतं.

आणि ह्याच उत्तरावर नागपूरहून आलेले साहेब दुपारी सही करणार होते. सही झाली की जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतल्या पोरांच्या किडक्या दाढा ह्याच मसाल्याने भरायच्या. त्या दाढा पडून परत येणाऱ्या नव्हेत, पुऱ्या आयुष्याच्या. मसाला टिकला तर टिकला. नाही टिकला तर खालून कीड चालत राहणार, आणि ते पोरगं एका बाजूनं जेवायला शिकणार. पोरं शिकतात. कोणी विचारलं तर नाही दुखत म्हणतात. त्याला एकदम सगळ्यांचा राग आला: सरांचा, हसणाऱ्यांचा, त्या लाल रंगाचा, मायचासुद्धा. काहून नाही बोलली ती? नेमकं ह्याच्यासाठी तर शिकवलं तिने त्याला, मजुरी करून करून, की त्याने विचारावं. आणि त्याने असं विचारलं की तिला खरं बोलूनही खोटं ठरावं.

जेवणाच्या मंडपात त्याने सरांना गाठलं. सर ताट घेऊन एका खांबाशी उभे होते. धम्मरत्नने सांगितलं, उभ्या उभ्या, जमेल तितक्या हळू आवाजात. सरांचं चावणं मंदावलं. ते हुशार माणूस होते; अर्ध्यातच त्यांना कळलं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पण कळलेलं गिळायला त्यांना एक घास लागला, आणि तेवढ्यात त्यांनी दुसरंच काहीतरी तोंडात घेतलं.

"एका बाईचा गैरसमज झाला म्हणून सगळं टाकून देता येत नाही, धम्मरत्न."

"एका बाईचा नाही सर. प्रश्नच तसा आहे."

"मसाला वाईट आहे असं सिद्ध झालं का?"

"नाही."

"मग?"

"चांगला आहे असंही नाही झालं. काहीच नाही झालं सर. गाडी काढू, गावात जाऊ, तोंडं उघडून पाहू. उन्हाळ्यात बाया घरी सापडतील."

सरांनी ताट खाली ठेवलं. आवाज अगदी प्रेमळ केला. तोच धम्मरत्नला सहन झाला नाही. "प्रश्न कोणाचा होता? बाहेर फलकावर नाव कोणाचं आहे? चूक निघाली तर मी प्रोफेसरच राहणार आहे. तू कुठं राहशील, याचा विचार कर. तुझ्या आईला आज केवढा आनंद झाला असेल. घे, जिलेबी घे."

जिलेबी त्याने घेतली. ती घेतली याचा राग त्याला पुढे कितीतरी दिवस येणार होता. ती मुठीत घट्ट पकडून तो सभागृहात परतला, आणि पाक मनगटापर्यंत ओघळला.

दुपारी आधी सत्कार. नागपूरचे साहेब मंचावर, समोर कागद, कागदावर उघडा पेन. निवेदिकेने धम्मरत्नचं नाव पुकारलं: ज्यांनी शास्त्र लोकभाषेत नेलं. पडद्यावर, मागे, कोणीतरी पुन्हा मायचंच तोंड लावलं होतं. सगळ्यांत स्पष्ट फोटो तोच होता. शाल अंगावर पडली. ओठ ताणून माय त्याच्या डोक्यावरून सगळ्या सभेकडे पाहत होती; डोळे नसलेल्या तोंडालाही पाहता येतं, असं त्याला वाटलं. दोन शब्द बोला, असं कोणीतरी म्हणालं. सरांनी खालून, पहिल्या रांगेतून, त्याच्याकडे नजर रोखली. माइक हातात आला तेव्हा तळहात चिकट होता.

"मी दोन शब्द नाही बोलत," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून आपोआप घरची भाषा निघाली, जी ह्या इमारतीत तो कधी बोलला नव्हता. "एक प्रश्न इचारतो. गावात इचारला थोच. तुमी सगळे दाताचे डाक्टर, तुमाले सोपा जाईन. तुमची जेवती बाजू कोनती? बोट लावून दाखवा."

लोक हसले. पण मंचावरून विचारलं की माणूस करतो. बोटं उठली. कोणी उजव्या गालाला लावलं, कोणी डाव्या. एका बाईंनी आधी जीभ फिरवून पाहिलं आणि मग लावलं. साहेबांचं बोट डाव्या गालावर गेलं. पिंपळखुटे सरांचंही, नकळत, डाव्याच. त्यांची उजवी दाढ गेल्या उन्हाळ्यापासून त्रास देते हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं.

"आमच्या कागदावर," धम्मरत्न म्हणाला, "जेवती बाजू म्हणजे उजवी. आता पाहा आपापलं बोट." कोणी हसलं नाही. "आनिक एक. जिकडून दुखते, तिकडून जेवता का तुमी? नाई ना? मंग जेवत्या बाजूनं दुखते का इचारल्यावर माह्या मायनं काय सांगाव? थे पाहा, मांगं. हे तोंड माह्या मायचं हाये. खर्रा खात नाई थे. सकाळी गाल धरून बसली होती, अन्‌ खाली लिहून हाये तक्रार नाई."

 साहेबांनी गालावरचं बोट काढलं नाही, ते तसंच ठेवून त्यांनी खाली वाकून विचारलं, "डॉक्टर, यातल्या किती जणांचं तोंड तुम्ही परत उघडून पाहिलं?"

पिंपळखुटे सर उठून उभे राहिले. बोलण्यासाठी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी त्यांचं बोट डाव्या गालावरून निघालं, हनुवटीला वळसा घालून उजव्या गालाकडे चालू लागलं, हळूच, जणू गाल खाजवायलाच निघालं आहे. सगळं सभागृह त्या बोटाकडे पाहत होतं.

"सर," धम्मरत्न माइकमध्ये म्हणाला, "प्रश्नातला हात आपन दोघांनी काढला. आता बोट तरी हलवू नका."